लष्कराच्या भाकऱ्या आणि चार अक्षरं

प्रश्नपत्रिकेतला चौदावा की पंधरावा प्रश्न होता. 'समारंभात मी लोकांचं लक्ष वेधून घेते.' पुढे पाच चौकोन, 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत. माझ्या शेजारी बसलेल्या काकू पेन हातात धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "कुणाच्या समारंभात? भाचीच्या लग्नात मीच सगळ्यांना नाचवलं. सोसायटीच्या वार्षिक सभेत मात्र मी तोंड उघडत नाही. मग काय लिहू?" प्रशिक्षक हसून म्हणाले, "फार विचार करू नका काकू. पहिलं सुचेल ते लिहा." काकूंनी मधल्या चौकोनात खूण केली.

वस्तीतल्या मुलांसाठी शनिवार-रविवार अभ्यासवर्ग चालवणारे आम्ही पंचवीसेक जण. संस्थेला एका कंपनीकडून निधी मिळाला होता आणि निधीबरोबर 'क्षमतावर्धना'चं एक दिवसाचं शिबिरही. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या पदरात चार अक्षरं पडली. काकूंच्या अक्षरांचा अर्थ निघाला : अंतर्मुख, तपशिलात रमणाऱ्या, शिस्तीच्या. पुढच्या बैठकीत त्यांना गणिताच्या वर्गावरून काढून वह्यापुस्तकांच्या नोंदवहीवर नेमलं. 'स्वभावाला ते जास्त मानवेल' असं कुणीतरी म्हणालं. त्या बैठकीत मी होतो, आणि मीही मान डोलावली. काकूंनी दोन महिने नोंदवही चोख ठेवली. मग गुडघे दुखतात म्हणून येणं बंद केलं. गुडघे आधीही दुखत होतेच. वर्ग घेत असताना त्यांचा विषय कधी निघाला नव्हता.

काकू अंतर्मुख नाहीत, चाचणीने त्यांना चुकीचं ओळखलं, असं मला म्हणायचं नाही. असतीलही अंतर्मुख. पण दोन वर्षं दर शनिवारी आम्ही त्यांना फळ्यासमोर पाहत होतो. अपूर्णांकाला घाबरणारी मुलं त्यांच्याभोवती कशी गोळा होतात हे पाहत होतो. ते सगळं बाजूला ठेवून आम्ही चाळीस मिनिटांच्या कागदावर विश्वास टाकला. सेवाभावी संस्थांनी कार्यकर्त्यांची विभागणी व्यक्तिमत्त्व-चाचण्यांवरून करू नये, असं मला वाटतं ते यामुळे. त्या चाचण्या कितीही चांगल्या असल्या, तरी त्या जे सांगतात त्यापेक्षा जास्त कळण्याची सोय संस्थेकडे आधीच असते. चाचणी हाती आली की ती सोय वापरायचा कंटाळा येतो.

हे कागद सतरंजीवर कसे येऊन पोहोचले ते पाहण्यासारखं आहे. २०१३च्या कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बांधून दिलं. त्या पैशाने अनेक चांगली कामं उभी राहिली, हे मान्यच करायला हवं. पण पैशामागोमाग कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागाची भाषाही आली. 'कार्यकर्ता' होता तो 'संसाधन' झाला, आणि संसाधन म्हटलं की त्याची प्रतवारी आलीच.

चार अक्षरांच्या त्या चाचणीचा, मायर्स-ब्रिग्जचा, जन्म मात्र सहानुभूतीतून झालेला आहे. कॅथरीन ब्रिग्ज या अमेरिकन बाईंना माणसांच्या स्वभावांचे प्रकार पाडण्याचा छंद होता. कार्ल युंग यांचा याच विषयावरचा ग्रंथ १९२३ साली इंग्रजीत आला आणि त्या भारावून गेल्या. त्यांची मुलगी इझाबेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन स्त्रिया मोठ्या संख्येने कारखान्यांत आणि कचेऱ्यांत जाऊ लागल्या, तेव्हा कोणतं काम कुणाला मानवेल हे त्यांचं त्यांना कळावं म्हणून इझाबेलने प्रश्नावली रचायला घेतली. मायलेकींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. तो काही गुन्हा नाही. पण त्या चाचणीत एक खोट राहून गेली, आणि ती चार अक्षरांतून पडणाऱ्या सोळा प्रकारांच्या मुळाशी आहे.

आपल्याकडे दहावीला ३५ गुणांची रेष असते. ३४ वाला नापास, ३६ वाला पास, आणि त्या दोघांतलं अंतर ३६ आणि ९६ यांच्यापेक्षा मोठं ठरतं. मायर्स-ब्रिग्ज प्रत्येक गुणाच्या मधोमध अशीच रेष ओढते : अलीकडचा अंतर्मुख, पलीकडचा बहिर्मुख. माणसं मात्र दोन टोकांना गोळा झालेली नसतात, बहुतेक जण मध्येच कुठेतरी असतात. म्हणून तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर पुष्कळांचं एखादं अक्षर बदलतं. काकूंनी तर मधल्याच चौकोनात खूण केली होती. हवा जराशी वेगळी असती तर त्या 'बहिर्मुख' निघाल्या असत्या, आणि आम्ही त्यांच्या हाती कदाचित माइक दिला असता.

कंपन्यांमध्ये आणखी एक चाचणी लोकप्रिय आहे, डिस्क. तिचा उगम विल्यम मार्स्टन यांच्या १९२८च्या पुस्तकात आहे. पुढे 'वंडर वुमन' ही चित्रकथांमधली नायिका निर्माण करणारे मार्स्टन ते हेच. या दोन्हींच्या मानाने संशोधक ज्यावर भरवसा ठेवतात ती 'पाच मोठ्या गुणां'ची मोजणी बरीच भक्कम आहे. नवं स्वीकारण्याची तयारी, काटेकोरपणा, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता असे ते पाच गुण. इथे सोळा कप्पे नाहीत, प्रत्येक गुणाची कमीजास्त मात्रा आहे. सौजन्य आणि बहिर्मुखता जास्त असलेली माणसं स्वयंसेवेकडे थोडी अधिक वळतात, असंही संशोधनात दिसलं आहे. ते 'थोडी' महत्त्वाचं. हजार माणसांच्या सरासरीत जे दिसतं त्यावरून समोरच्या एका माणसाला काय जमेल हे ठरत नाही. शिवाय भाषेचा प्रश्न राहतोच. या मोजणीच्या एका प्रचलित प्रश्नावलीतलं पहिलंच इंग्रजी विधान 'पार्टीत जान आणणारा मीच' अशा अर्थाचं आहे. ज्या घरात पार्टी नसते, बारसं, डोहाळजेवण, पूजा आणि तेरावं असतं, तिथल्या माणसाने यावर कुठे खूण करायची? काकूंनी विचारलं होतं ते हेच. त्यांचा प्रश्न त्या दिवसातलं सर्वांत शास्त्रशुद्ध विधान होता, आणि आम्ही तो हसण्यावारी नेला.

तरीही चाचणीचा निकाल वाचून जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, 'अगदी मीच!' याचं गुपित १९४८ साली बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने उघड केलं. त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं व्यक्तिमत्त्व' म्हणून एक वर्णन दिलं. वर्णन किती जुळतं याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण मिळाले. सगळ्यांना दिलेलं वर्णन एकच होतं, आणि त्यातली वाक्यं त्याने भविष्याच्या एका बाजारू पुस्तकातून उचलली होती. महाराष्ट्राला हे नवं वाटू नये. २००८ साली जयंत नारळीकरांनी पत्रिकांची चाचणी घेतली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हुशार विद्यार्थ्यांच्या आणि मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या, आणि कोणती पत्रिका कुणाची ते ज्योतिषांना ओळखायला सांगितलं. उत्तरं पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांची सरासरी नाणं उडवून मिळाली असती त्याहूनही कमी भरली. पत्रिकेच्या बाबतीत इतके चोखंदळ असलेले आपण, पत्रिकेच्या जागी छापील अहवाल आणि ज्योतिषाच्या जागी लॅपटॉप आला की मान का डोलावतो?

डोलावतो, कारण माणसांना खणांत बसवण्याची आपल्याला जुनी आवड आहे. सत्त्व-रज-तम, वात-पित्त-कफ, मनुष्यगण आणि राक्षसगण. पण याच परंपरेत आणखी एक रीत आहे आणि ती मला जास्त शहाणपणाची वाटते. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगितली, आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाचीही. ती वाचताना 'मी कोणत्या प्रकारचा मूर्ख' हा प्रश्न पडत नाही. 'हे मी करतो का' हा पडतो, आणि करत असलो तर सोडून देता येतं. लक्षण वागण्याला चिकटतं, अक्षर माणसाला. 'तू सभेत इतरांना बोलू देत नाहीस' असं कार्यकर्त्याला सांगितलं तर तो पुढच्या सभेत गप्प बसून पाहील. 'तू वर्चस्ववादी प्रकारचा आहेस' असं सांगितलं तर त्याला आयुष्यभराची सबब मिळाली.

आता कंपनी आणि संस्था यांतला फरक पाहू. एका जागेसाठी ५०० अर्ज येतात तिथे कंपनीला चाळण लागते. चाळण थोडी वेडीवाकडी असली तरी काम भागतं, कारण खाली उरलेलंही पुष्कळ असतं. संस्थेकडे मात्र रविवारी सकाळी बारा जण येतात आणि बाराही हवे असतात. पोत्याने धान्य येतं त्याच्या घरी चाळण. ओंजळभर धान्याला निवडणं असतं, एकेक दाणा बोटांनी. दुसरा फरक असा, की कंपनीतला माणूस न आवडणारं काम पगारासाठी रेटतो आणि जाताना राजीनामा देतो. कार्यकर्ता घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजत असतो; तो राजीनामा देत नाही, त्याचे गुडघे दुखू लागतात. त्याच्या जाण्याचं कारण कोणत्याही नोंदवहीत येत नाही, आणि म्हणूनच ते त्याच्या स्वभावावर ढकलणं सोपं जातं.

स्वभावावर किती ढकलता येतं, याचं एक उत्तर अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधून मिळतं. १९७३ साली डार्ली आणि बॅटसन यांनी धर्मोपदेशक होऊ घातलेल्या ४० विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. आधी प्रश्नावलीने त्यांच्या धार्मिकतेचा प्रकार मोजला. मग त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायला सांगितलं. काहींचा विषय होता बायबलातली, वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्या माणसाची गोष्ट. वाटेत गल्लीमध्ये एक माणूस खोकत, कण्हत पडलेला होता. 'भरपूर वेळ आहे' असं सांगितलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले, 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. कोण थांबेल हे प्रश्नावलीवरून कळलं नाही. कळलं ते घड्याळावरून.

आपल्या संस्थांना यातून शिकण्यासारखं खूप आहे. वर्गात कार्यकर्ता मुलांवर खेकसतो तेव्हा त्याचं सौजन्य मोजण्याआधी पाहावं, की त्याच्या वाट्याला मुलं किती आहेत, खडू-फळा आहे का, आणि सकाळपासून त्याला कुणी चहा तरी विचारला का. ओमोटो आणि स्नायडर यांनी एड्सग्रस्तांची सेवा करणाऱ्या ११६ स्वयंसेवकांचा अभ्यास १९९५ साली मांडला. मदत करण्याचा मूळ स्वभाव असलेले स्वयंसेवक कामात जास्त समाधानी होते, संस्थेत जास्त मिसळले होते. पण ते अधिक काळ टिकले असं मात्र दिसलं नाही. टिकण्याचा संबंध त्यांच्या प्रेरणेशी होता, म्हणजे हे काम मला कशासाठी हवं आहे याच्याशी.

इथे माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो, आणि तो खराच वजनदार आहे. आमच्या एका विश्वस्त ताईंनी तो बैठकीत मांडला होता : "चाचणी नको म्हणता, मग निवड कशावर करता? 'माणूस बघून' ना? तुम्ही माणूस बघता तेव्हा नेमकं काय बघता ते आम्हाला ठाऊक आहे." ताईंचं बरोबर होतं. 'माणूस ओळखता येतो' म्हणणाऱ्या आमच्या संस्थांमध्ये वर्षानुवर्षं एकाच आडनावांची, एकाच कॉलेजची मंडळी मंचावर बसली. पाणी-नाश्त्याची व्यवस्था बायकांकडे, प्रास्ताविक पुरुषांकडे. प्रमाण भाषा बोलणारा 'विचारी', गावाकडच्या वळणाने बोलणारा 'कष्टाळू'. सतरंज्या उचलणारे हात वीस वर्षं तेच. याच्या तुलनेत सर्वांना एकच प्रश्न विचारणारा कागद निदान आडनाव तरी बघत नाही.

या आक्षेपातला अर्धा भाग मी पूर्ण स्वीकारतो : नुसत्या अंदाजावर सोडणं धोक्याचं आहे. पण अंदाजातला दोष चाचणीने धुऊन निघत नाही, त्याला शिक्का मिळतो. 'बाईंना नोंदवहीच बरी' हे आम्ही आधी संकोचून म्हणालो असतो. अक्षरं मिळाल्यावर बिनधास्त म्हणालो. अंदाज आणि चाचणी यांच्या पलीकडे तिसरा मार्ग आहे, आणि तो महाराष्ट्रातच चालून दाखवलेला आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. खेड्यांत आधी शिकलेल्या परिचारिका पाठवून पाहिल्या, ते जमेना. मग गावांनाच आपल्यातली एक बाई निवडायला सांगितलं. आलेल्या बायकांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित. कोणतीही लेखी चाचणी त्यांना पहिल्याच प्रश्नाला बाद करती, कारण त्यांना प्रश्न वाचताच आला नसता. त्या आठवड्याच्या आठवड्याला जामखेडला येत, शिकत, गावात जाऊन करून बघत आणि पुढच्या खेपेला काय अडलं ते सांगत. बाळंतपण, जुलाब, लसीकरण, कुष्ठरोग असं सगळं त्यांनी हाती घेतलं. तिथे कुणी आधी व्यक्तिमत्त्व मोजून मग काम दिलं नाही; काम करता करता व्यक्तिमत्त्व उभं राहिलं. स्वभाव घडू शकतो, ही गोष्ट चाचणीच्या हिशोबात बसतच नाही. सेवाभावी कामाचा तर तोच पाया आहे.

लंडनमधलं उदाहरणही याच जातीचं आहे. चाड वारा या धर्मगुरूंनी १९५३ साली आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी सुरू केला, तोच पुढे 'समॅरिटन्स' झाला. सल्ला ते स्वतः देणार होते. मदतनीस होते ते बाहेर थांबलेल्यांना चहा द्यायला. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की चहा देणाऱ्यांशी बोलूनच अनेकांचं मन हलकं होतंय आणि ते आत न येताच घरी जातायत. १९५४ साली त्यांनी ऐकण्याचं काम मदतनिसांच्याच हाती सोपवलं. त्या मदतनिसांचा गुण कामातून दिसला, आणि तो पाहायला कुणीतरी दार उघडं ठेवून बसलेलं होतं.

मग करायचं काय? निदान चार गोष्टी तरी करता येतील, आणि त्यांना फारसा खर्च नाही.

पहिली, स्वभाव मोजण्याऐवजी कारण विचारा. क्लेरी, स्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली स्वयंसेवेमागच्या प्रेरणांची सहा गटांत मांडणी केली : मूल्यं, नवं समजून घेणं, माणसांशी जोडलं जाणं, कामधंद्याला उपयोग, मनातल्या अपराधीपणातून किंवा एकटेपणातून सुटका, आणि स्वतःबद्दल बरं वाटणं. यांतलं कोणतंही कारण हलकं नाही. निवृत्तीनंतर घर खायला उठतं म्हणून येणारे काका आणि अर्जात अनुभव लिहायला हवा म्हणून येणारी विद्यार्थिनी, दोघंही चांगलं काम करतात. मात्र काकांना माणसांत बसवायला हवं आणि मुलीला प्रमाणपत्र वेळेवर द्यायला हवं. ही सहा कारणं कुणाला अक्षरं देत नाहीत. संस्थेने काय द्यावं एवढंच ती सांगतात, आणि वर्षभराने ती बदलू शकतात, म्हणून वर्षभराने पुन्हा विचारावं लागतं.

दुसरी, करून बघू द्या. गणेश मंडळातलं पोरगं खुर्च्या मांडण्यापासून सुरुवात करतं, मग वर्गणीला जातं, मग हिशोबाला बसतं, आणि एके वर्षी मिरवणुकीत दोरी धरून गर्दी आवरतं. ही पाच वर्षांची चाचणीच असते, फक्त तिला कुणी चाचणी म्हणत नाही. तिच्यात एक सुधारणा हवी : खुर्च्या सगळ्यांनी मांडायच्या आणि हिशोबाला बसायची पाळीही सगळ्यांना मिळायची. तीन महिन्यांत प्रत्येकाने तीन वेगळी कामं करावीत, आणि कोणतं पुढे न्यायचं हे त्यानेच सांगावं. विश्वस्त ताईंच्या आक्षेपाला माझं उत्तर हे आहे. कामं आळीपाळीने फिरली की आडनाव आणि बाई-पुरुष आपोआप मागे पडतात.

तिसरी, सुरक्षिततेचा प्रश्न चाचणीवर सोपवू नका. मुलांसोबत काम करणारा माणूस धोकादायक आहे की नाही, हे पाच चौकोनांच्या प्रश्नावलीत उघड होत नाही. वाईट हेतूचा माणूस सर्वांत शहाणी उत्तरं लिहितो. तिथे पोलीस पडताळणी, ओळखीच्यांकडे चौकशी, मुलांसोबत कधीही एकटा प्रौढ नसणं आणि तक्रार कुणाकडे करायची हे मुलांना माहीत असणं, एवढंच कामाला येतं.

चौथी, गेलेल्याच्या घरी जा. कार्यकर्ता येईनासा झाला की आठ दिवसांत कुणीतरी चहाला जावं आणि विचारावं. पाच वर्षांच्या चाचण्यांपेक्षा अशा पाच भेटींतून संस्थेला स्वतःविषयी जास्त कळेल. ते ऐकायला मात्र धीर लागतो, कारण तिथे दोष कुणाच्या तरी अंतर्मुखतेचा निघत नाही, आपल्या बैठकीचा निघतो.

चाचण्या अजिबात करूच नयेत, असं मी म्हणणार नाही. स्वतःविषयी बोलायला संकोचणाऱ्या माणसांना एकेकदा असा कागद बोलायला निमित्त देतो. शिबिरातली एखादी संध्याकाळ त्यात मजेत जाते. पण मग ती संध्याकाळपुरतीच असावी. मायर्स-ब्रिग्जची जपणूक करणारी मंडळी स्वतःच सांगतात, की चाचणी स्वेच्छेने व्हावी, निकाल गुप्त राहावा आणि तो उमेदवार गाळायला वापरू नये. आम्ही यातली एकही अट पाळली नव्हती. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला, त्याच्या गाभ्याशीही संमती आणि हेतू हेच आहेत. पंचवीस जणांचे स्वभाव सहीशिक्क्यासह कपाटात ठेवण्याची संमती आम्ही कधी मागितली होती?

मी काकूंकडे गेलो, पण सात महिन्यांनी. त्यांनी पोहे केले, मुलांची नावं घेऊन चौकशी केली. वर्गाचा विषय मी काढला तेव्हा म्हणाल्या, "आता बघू." त्या अजून आलेल्या नाहीत.

तुमच्या संस्थेच्या कपाटात असे कागद असतील, तर ते ज्यांचे त्यांना परत करा. आणि येत्या रविवारी, जो सतरंजी उचलतोय त्याला विचारा, की तुला यातलं काय करायला आवडेल.